एक घंटी म्हणजे थांबा

४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझी प्रार्थना आज माझ्या वॉर्डात पोचली. कशी ते सांगते, पण आधी बस. भांडी पुसता पुसता वाचायचं पत्र नाही हे. आणि मोठ्याने वाच, म्हणजे काका पायरीवर बसल्या बसल्या ऐकतील. हातातलं दुरुस्तीचं सायकलचं चाक मात्र त्यांना खाली ठेवायला सांग.

इथे सगळे पक्षाघाताचा झटका येऊन गेलेले, हे तुला माहीतच आहे. हात-पाय हळूहळू हलायला लागतात, पण बऱ्याच जणांची वाचा गेलेली असते. समजतं, आठवतं, मनात वाक्यसुद्धा तयार असतं, पण शब्द काही जिभेवर येत नाही. तो आणायचं काम माझं. घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबांनी साऱ्या गल्लीला सांगितलं खरं, पण मी नक्की काय शिकले ते त्यांना अजून सांगता येत नाही. ‘ती लोकांना बोलायला लावते,’ एवढंच म्हणतात. त्यावर शेजारचे म्हणाले म्हणे, ती लहानपणीसुद्धा लावायची, ‘आता गप्प बस’ असं बोलायला.

वॉर्डात आम्ही सगळ्यांना त्यांच्या कामावरून ओळखतो. माणसाच्या हाडीमांसी जे भिनलेलं असतं तेच आधी परत येतं, असा आमचा अनुभव. तर आमच्याकडे एक शिवणवाल्या बाई आहेत. आल्यापासून एक अक्षर नाही. चित्रं दाखवून झाली, आकडे म्हणून झाले, काही नाही. आज मी त्यांच्या उशीचा अभ्रा बदलत होते आणि नकळत तुझी प्रार्थना गुणगुणत होते. ‘दिवस तुझा, वाट तुझी, पाऊल तेवढं माझं.’ मी ‘पाऊल’पाशी थांबले, कारण अभ्रा अडकला होता. आणि मागून आवाज आला, ‘तेवढं माझं.’

मावशी, मी वळले तर बाई स्वतःच घाबरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना वाटलं दुसरंच कुणी बोललं. त्यांच्या आईकडेही हीच प्रार्थना होती, हे त्यांच्या मुलाने संध्याकाळी सांगितलं. मग आम्ही दोघींनी ती चारदा म्हटली आणि दरवेळी त्यांचे शब्द वाढत गेले.

आमच्या संचालिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, दारात उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते. मला म्हणाल्या, ‘हे सगळ्यांना मिळायला हवं.’

पलीकडच्या खाटेवर एक कंडक्टर आहेत. सारा जन्म बसमध्ये गेलेला. त्यांचाही आवाज गेलाय, आणि मान हलवतात त्यात हो कुठलं नि नाही कुठलं याचा मेळ नसतो. ते आमच्याकडे टक लावून बघत होते. आता पाळी त्यांची, असं मी मनाशी ठरवून टाकलं आहे.

तुझी,
बडबडी


१२ फेब्रुवारी

बडबडे,

तुझं पत्र वाचून मी रडले. मग शेजारणीला बोलावून वाचून दाखवलं आणि तिच्याबरोबर पुन्हा रडले. ती उगाच रडली, तिला अर्धं ऐकू येत नाही, पण सोबत झाली.

माझ्या आईने ही प्रार्थना मला दिली तेव्हा तिला काय ठाऊक, की एक दिवस ती मोठ्या इमारतीत जाईल आणि एका बाईची वाचा परत आणेल. मी तर चौथीतून शाळा सोडलेली. माझ्याकडचं काही तुझ्या विद्येच्या उपयोगी पडेल असं कधी वाटलं नव्हतं. आता सांगते आहे सगळ्यांना, आमची प्रार्थना इस्पितळात आहे म्हणून. जणू नोकरीला लागली.

तुझ्या मोठ्या बाई समंजस दिसतात. चांगली गोष्ट सगळ्यांना मिळायलाच हवी. मीही विचार करते आहे. लग्न झाल्यापासून तुझे काका सकाळी मी प्रार्थनेला बसले की पायरीवर जाऊन बसतात. चाकं दुरुस्त करायची ती बरोबर त्याच वेळेला. मी कधी काही म्हटलं नाही. पण आता वय झालं, आणि मला वाटतं, मी म्हणायला हवं होतं. माणूस आपणहून येईल म्हणून वाट बघत बसलं तर आयुष्य संपतं.

तब्येतीला जप. बोलून बोलून तुझाच घसा बसायचा.

मावशी


१ मार्च

प्रिय मावशी,

तुझी प्रार्थना खरंच कायम झाली. मोठ्या बाईंनी नियम केला, रोज सकाळी सगळ्या पेशंटना हॉलमध्ये आणायचं आणि प्रार्थना म्हणायची. सांगायचं मी. आता तो उपचाराचाच भाग. खुर्च्यांची अर्धगोल रांग, मधे मी. पहिल्या दिवशी शिवणवाल्या बाई पुढे बसल्या होत्या, त्यांच्याकडे बघून सुरुवात केली.

सगळ्यांना येत नाही, साहजिकच आहे. काही जणांच्या घरी दुसऱ्याच प्रार्थना, एक शिक्षक आहेत ते भिंतीकडे बघत बसतात. मोठ्या बाई म्हणतात, सवय लागेल. मलाही तसंच वाटतं. औषध पहिल्या दिवशी कुणाला आवडतं?

आणि खरी बातमी अजून पुढेच आहे. कंडक्टर! त्यांच्या उजव्या हातात ताकद नाही, पण डाव्या हातात चहाचा चमचा असतो. आम्ही प्रार्थना सुरू केली की ते चमचा आपल्या चाकाच्या खुर्चीच्या लोखंडी दांडीवर मारतात. टण. थोडं थांबून पुन्हा, टण. मोठ्या बाई किती खूश झाल्या! सगळ्यांना सांगत सुटल्या, बघा, बोलता येत नाही तर ठेका धरतोय बिचारा. आता त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत असते.

त्यांची मुलगी केस कापण्याच्या दुकानात काम करते, ती दुपारी सुट्टीत येऊन जाते. तिला मी ही गोष्ट सांगितली तर ती गोंधळली. म्हणाली, ‘बाबा? प्रार्थनेला? आईने तीस वर्षं विनवलं तरी आत पाऊल टाकलं नाही त्यांनी.’ मी म्हटलं, आजारपणात माणूस बदलतो. ती नुसती हसली.

एकच काळजी आहे. इथे खाट मिळायला मोठी रांग असते. महिनाअखेरीस डॉक्टर पाहणी करतात, आणि ज्याची प्रगती नाही त्याला घरी पाठवतात. कंडक्टर अजून एक शब्द बोललेले नाहीत. मुलगी दिवसभर कामावर, घरी बघायला कुणी नाही. घरी गेले की बोलणं कायमचं राहिलं असं समज. म्हणून मी त्यांचा ठेका नीट बसवायच्या मागे लागले आहे. ठेका आला की शब्द येईल.

काका काय म्हणतात?

तुझी,
बडबडी


९ मार्च

बडबडे,

काका आता आत बसतात. मी सरळ सांगितलं, भाचीकडे ज्यांना बोलता येत नाही तेसुद्धा बसतात आणि तुम्हांला धडधाकट असून बसायला काय होतं? पायरीकडे जायला निघाले तर मी दार लावून घेतलं. मग बसले. गुडघ्यावर हात ठेवून, शाळेतल्या मुलासारखे. मला इतकं बरं वाटलं.

तुझ्या कामाचं सगळीकडे कौतुक चाललंय. असंच चालू ठेव.

मावशी

ता. क. पत्र मोठ्याने वाचत होते तेव्हा चमच्याचं ऐकून काका एकदम म्हणाले, ‘तो ठेका नाही. कंडक्टर आहे ना तो? एक घंटी म्हणजे गाडी थांबवा. दोन म्हणजे चला.’ म्हटलं, तुम्हांला काय कळतं प्रार्थनेतलं? सायकलीची घंटी तेवढी कळते. विनोद म्हणून लिहिलं आहे, मनावर घेऊ नकोस.


१७ मार्च

प्रिय मावशी,

मनावर घेतलं.

तुझं पत्र मी कामाच्या जागीच, कपाटापाशी उभी राहून वाचलं. ताजा कलम वाचला आणि खाली बसले. मग कंडक्टरांकडे गेले. त्यांच्या हातात चमचा दिला आणि विचारलं, खुर्ची खिडकीपाशी नेऊ का? दांडीवर दोन ठोके पडले. टण टण. खुर्ची ढकलत खिडकीपाशी नेली. एक ठोका. मी मुद्दाम आणखी थोडी पुढे ढकलली. पुन्हा एक ठोका, या वेळी जोरात, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं सुटलेल्या बसमागे धावणाऱ्याला कंडक्टर बघतो.

त्यांचं ‘हो’ आणि ‘नाही’ मानेत राहिलेलं नाही, मावशी. ते हातात आहे. पहिल्या दिवसापासून होतं.

मग मी विचारलं, ‘सकाळची प्रार्थना?’

एक ठोका.

‘रोज हेच सांगत होतात?’

त्यांनी चमचा मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. महिनाभर एक माणूस सगळ्यांसमोर ‘थांबवा’ म्हणत होता, आणि आम्ही त्याला पहिल्या रांगेत आणून बसवलं. टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मी तशीच मोठ्या बाईंकडे गेले. त्या वाईट नाहीत, हे आधी लिहिते, नाहीतर तू त्यांना राक्षसीण समजशील. त्यांचे वडील असेच वाचा गेलेल्या अवस्थेत वारले, शेवटपर्यंत त्यांच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकायला मिळाला नाही, हे त्यांनी मलाच सांगितलं होतं. मी चमच्याचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ठोके कशाचेही असू शकतात, तुझ्या काकांच्या म्हणण्यावर मी नियम बदलू का? आणि मग म्हणाल्या, ‘ज्याला बोलताच येत नाही, त्याच्या तोंडात आपण चार चांगले शब्द घातले तर बिघडलं कुठे?’

मी म्हटलं, ‘त्यांच्या तोंडात आधी त्यांचे शब्द येऊ द्या. मग वाटलं तर चांगले म्हणतील.’

त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, की प्रार्थना उपचाराचा भाग आहे. ती नको म्हणजे उपचार नको. आणि ज्याला उपचार नको त्याची खाट बाहेर थांबलेल्याला द्यावी लागेल.

उद्यापासून मी प्रार्थना सांगणार नाही, असं मी म्हणून टाकलं. हे ऐकून तुला वाटेल, शिकून पोरगी बिघडली, देव सोडला. नाही सोडला. रोज रात्री झोपताना तीच प्रार्थना म्हणते. पण ती मला मिळाली कशी ते आठव. तू मला कधी बसवलं नाहीस. तू भांडी पुसत म्हणायचीस आणि मी दाराआड उभी राहून ऐकायचे. पुढे कधीतरी मीच विचारलं, पुढची ओळ काय गं? शिवणवाल्या बाईंनाही मी दिली नाही. मी थांबले आणि त्यांनी उचलली. माझ्याकडे जे आहे ते मी दाराशी ठेवीन. ज्याला हवं तो घेईल. त्याचं दार ढकलून त्याच्या ताटात वाढणार नाही.

आणि मावशी, तू दार का लावून घेतलंस? काका कसे आहेत?

बडबडी


२४ मार्च

बडबडी हिला,

पत्र मिळालं. वाचून शेजारणीला दाखवलं नाही.

पदवी मिळाली म्हणून मोठ्यांना प्रश्न विचारायचे का? माझ्या घराचं दार मी लावीन नाहीतर उघडीन. चाळीस वर्षं एका माणसाचं सगळं केलं, आजारपणं काढली, त्याच्यासाठी सकाळ-संध्याकाळ मागणं मागितलं. त्याचं भलं मला कळत नाही आणि तुझ्या चमच्याला कळतं?

तुझी नोकरी अजून कायम झालेली नाही. तुझ्या पाठच्या दोघांचं शिक्षण तुझ्याकडे बघून चाललंय. मोठ्या बाईंशी वाकडं घेऊन काय मिळवणार? एक म्हातारा सकाळी थोडा वेळ बसला तर झिजतो का? त्याच्या मुलीला विचारलंस? ती म्हणेल बसवा, पण बाबांना इथे ठेवा.

मला वाटलं होतं, माझ्याकडचं काहीतरी तुझ्याबरोबर मोठ्या जगात गेलं. तू तर ते माझ्याच तोंडावर परत फेकलंस.

काका बरे आहेत. रोज आत बसतात. बोलत नाहीत फारसे, पण ते कधी बोलायचे? दुरुस्तीला आलेल्या सायकली हल्ली परत पाठवतात. वय झालं.

मावशी


३० मार्च

प्रिय मावशी,

तू रागावलीस तरी ‘प्रिय’ लिहिणारच. ते तुला विचारून लिहीत नाही.

मुलीला विचारलं होतं. तू म्हणालीस तेच ती म्हणाली. बाबांना बसवा, मी त्यांच्या पाया पडून माफी मागेन, पण खाट काढून घेऊ नका. तिने माझे दोन्ही हात धरून ठेवले होते. मावशी, मला त्या घटकेला वाटलं, तू म्हणतेस ते खरं आहे. चार ओळी आहेत. बसू दे म्हातारा.

मग मी तिला त्यांच्यापाशी नेलं आणि म्हटलं, मला नको सांगू, त्यांना विचार. तिने विचारलं, ‘बाबा, माझ्यासाठी बसाल?’ मग त्यांनी चमचा उचलला, आणि दांडीवर न मारता तिच्या हाताच्या पाठीवर हळूच ठेवला. एकदा. ती रडता रडता हसली. म्हणाली, आईलाही असंच सांगायचे, रागावून नाही.

त्यानंतर मला दुसरं काही करता येणंच शक्य नव्हतं.

काल आमच्या केंद्राला देणग्या देणारी मंडळी बघायला आली. मी सांगायचं नाही म्हटल्यावर मोठ्या बाई स्वतः प्रार्थना सांगतात हल्ली. हॉल फुलांनी सजवलेला, पाहुणे मागे खुर्च्यांवर, कंडक्टर पहिल्या रांगेत, केस विंचरून. त्यांना दाखवायचं होतं ना, ठेका धरणारा पेशंट. चमचा मोठ्या बाईंनी स्वतः त्यांच्या हातात दिला.

प्रार्थना सुरू झाली. टण.

मी दाराशी उभी होते. मला वाटलं होतं, मी शांतपणे ऐकून घेईन आणि नंतर बोलेन. पण दुसरी ओळ आली आणि पुन्हा, टण. पाहुण्यांपैकी एकजण कौतुकाने मान डोलवायला लागले. आणि मी पुढे गेले. दोन्ही हात वर करून सगळ्यांच्या मधे उभी राहिले आणि म्हटलं, ‘थांबा. गाडी थांबवायला सांगताहेत ते.’

सगळे थांबले. मी पाहुण्यांना सगळं सांगितलं. एक घंटी, दोन घंट्या. एकेक वाक्य पूर्ण करत गेले. सांगितलं, की ही प्रार्थना माझ्या घरची आहे, माझी फार लाडकी आहे, आणि म्हणूनच ती कुणाच्या डोक्यावर धरलेली मला बघवत नाही.

मोठ्या बाईंनी हसून सावरायचा प्रयत्न केला आणि शिवणवाल्या बाईंना म्हणाल्या, तुम्ही सुरू करा हो पुढची ओळ. बाईंना सगळी येते, आमच्या वॉर्डातला सगळ्यांत गोड आवाज त्यांचा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कंडक्टरांकडे पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. ज्या बाईच्या एका शब्दासाठी आम्ही जिवाचं रान केलं, त्या कालच्या सभेत स्वतःच्या मर्जीने गप्प बसल्या. मला वाटतं, तेही बोलणंच होतं.

आज माझ्याकडे लेखी खुलासा मागितला आहे. माफी मागितली तर प्रकरण मिटेल, असं मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं. मी खुलासा देणार आहे, माफी नाही. मला या इमारतीत बोलायला शिकवण्यासाठी ठेवलंय. ‘नाही’ हाही शब्दच आहे, आणि तो ऐकून घेणं हे माझं काम आहे. खाटेचा निर्णय या आठवड्यातल्या पाहणीत होईल. रोज प्रार्थनेच्या वेळी मी कंडक्टरांना आणि त्या शिक्षकांना व्हरांड्यात घेऊन बसते. कुणी परवानगी दिलेली नाही. मी मागितलेलीही नाही.

आता तुझ्याबद्दल. मी काही परत फेकलेलं नाही, मावशी. तू जे दिलंस ते मी धरून ठेवलंय, म्हणून तर भांडते आहे. सायकली परत पाठवणारे काका मला माहीत नाहीत. त्यांच्या हातात चमचा नाही, एवढंच.

बडबडी


६ एप्रिल

बडबडे,

दार उघडलं.

तुझं पत्र मी या वेळी मोठ्याने वाचलं नाही. आतल्या आत वाचलं, आणि शेवटची ओळ पुन्हा पुन्हा वाचली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आपले येऊन बसले, गुडघ्यावर हात ठेवून. मी प्रार्थना सुरू केली नाही. त्यांना विचारलं, ‘तुम्हांला इथे बसायचंय का?’ लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बसा असं सांगितलं असेल, ओरडले असेन, विचारलं कधीच नव्हतं.

त्यांनी गुडघ्यावरचे हात काढले. मग म्हणाले, ‘पायरीवर बसलो की तू म्हणतेस ते मला नीट ऐकू येतं. आत बसलो की नुसतं दार ऐकू येतं.’

मला वाटायचं ते पायरीवर पळून जातात. ते रोज ऐकत होते, गं. मी म्हटलं, म्हणजे मनातून मानता तुम्ही? तर म्हणाले, देवाचं मला माहीत नाही, तुझा आवाज आहे म्हणून ऐकतो, उगाच जास्तीचं काही काढू नकोस त्यातून. आणि उठून पायरीवर गेले. जाताना दार सताड उघडं ठेवलं.

मला रागही आला आणि हसूही. तुझ्यावर राग आहेच, तो दोन-चार दिवसांत जाईल. तू बरोबर असलीस म्हणून माझ्याशी असं लिहायचं नाही.

सोबत दोन गोष्टी पाठवते आहे. एक काकांनी दिली आहे. सायकलीची घंटी, जुनी, पण आवाज खणखणीत. तिला मागे कडी आहे, ती खुर्चीच्या दांडीवर पक्की बसेल. डाव्या अंगठ्याने वाजवायला सोपी जावी म्हणून त्यांनी तिचा खटका फिरवून दिला आहे. रात्री नाही हो, भरदिवसा, पायरीवर बसून, आलेली चार गिऱ्हाईकं ताटकळत ठेवून.

दुसरी माझी चिठ्ठी, मोठ्या बाईंना दे. पाकीट बंद केलेलं नाही. त्यात लिहिलं आहे:

‘बाई, तुमच्याकडे जी प्रार्थना चालते ती माझी आहे. माझ्या आईने मला दिली, मी भाचीला दिली. तिच्यात एक ओळ आहे, पाऊल तेवढं माझं. ज्याला खुर्चीत घालून ढकलत आणलं, त्याचं पाऊल कुठे आहे? मलाही हे उशिरा कळलं. तुमच्या वडिलांचं ऐकलं, वाईट वाटलं, त्यांच्यासाठी मी माझ्या घरी रोज म्हणेन. पण तुमच्या नियमातून माझी प्रार्थना मी परत घेते आहे. ज्यांना ती हवी त्यांनी खुशाल म्हणावी. नियमाला ती मिळणार नाही.’

काकांनी शुद्धलेखन तपासलं, आणि म्हणाले, एकही शब्द बदलू नकोस.

मावशी


१४ एप्रिल

प्रिय मावशी,

चिठ्ठी दिली. मोठ्या बाईंनी ती माझ्यासमोर वाचली, घडी घातली, आणि पर्समध्ये ठेवली. कचऱ्याच्या टोपलीत टाकली नाही, एवढं मी पाहिलं.

लांबलेली पाहणीही नेमकी त्याच दिवशी होती. सकाळी मी घंटी कंडक्टरांच्या खुर्चीला बसवली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. कसा, ते मला लिहिता येत नाही. हॉलमध्ये प्रार्थनेची तयारी चालली होती, म्हणून आम्ही रोजच्यासारखे व्हरांड्याकडे निघालो. दोन घंट्या वाजल्या, मी खुर्ची ढकलली. एवढ्यात समोरून मोठ्या बाई आणि डॉक्टर आले आणि दारातच उभे राहिले. मोठ्या बाई म्हणाल्या, आज पाहणी आहे, आज तरी यांना हॉलमध्ये घ्या.

मी म्हटलं, त्यांना विचारा.

मावशी, त्यांनी विचारलं. तुझ्या चिठ्ठीने असेल, नाहीतर डॉक्टर बघत होते म्हणून असेल. खाली वाकून, पहिल्यांदाच, त्या म्हणाल्या, ‘बसायचं का प्रार्थनेला?’

एक घंटी. लख्ख.

त्या सरळ उभ्या राहिल्या, पण दारातून हलल्या नाहीत. कंडक्टरांनी क्षणभर वाट पाहिली. मग दोन घंट्या दिल्या. तरी त्या हलल्या नाहीत. आणि मग, मी शपथेवर सांगते, त्या छातीतून, इतके दिवस जिथून नुसता वारा यायचा, तिथून भरल्या बसच्या मागच्या टोकापर्यंत पोचेल असा आवाज आला:

‘पुढे सरका!’

डॉक्टर हातातली पिशवी सावरत बाजूला झाले. मोठ्या बाईसुद्धा सरकल्या.

त्यांचे शब्द त्यांच्यातच होते, मावशी, रोज बसमध्ये हजारदा म्हटलेले. मीच त्यांच्यात आपले शोधत बसले होते. खाट राहिली. माझं कायम होणं पुढे ढकललं आहे, नियमही कागदावर आहे तसाच आहे. पण त्या दिवसापासून आया प्रत्येक खाटेपाशी थांबून विचारतात, यायचं का? शिवणवाल्या बाई रोज जातात, आणि त्यांचा आवाज पूर्वीपेक्षा मोकळा लागतो. शिक्षक जात नाहीत. आम्ही व्हरांड्यात असतो, दार उघडं असतं, आणि तिकडून तुझी प्रार्थना नीट ऐकू येते.

काकांना सांग, अजून घंट्या हव्या आहेत.

तुझी,
बडबडी